उत्तमची झाकणवाली शेगडी

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि मी मालेगावच्या घरी अंगणात, ताडपत्रीत साचलेलं पाणी बादलीनं उपसत होतो. फोन त्याच्या बायकोच्या, कमलावहिनींच्या नंबरवरून होता, पण बोलत होता कुणी शेजारी. म्हणाला, राठोड ड्रायव्हर गेले, दुपारी जेवून झोपले ते चहाला उठलेच नाहीत. मी म्हटलं, अहो, एक वाजता तर माझ्याशी बोलला तो... मी मोटारसायकल काढली आणि त्याच्या गावाला, किन्हीराजाला निघालो. वाटभर डोक्यात एकच होतं, एक वाजता फोनवर मी त्याला काय सांगितलं ते. दोन महिने होत आले, ते डोक्यातून गेलेलं नाही. गेलेल्या मित्रावर लिहायचं तर त्याचे गुण लिहावेत असा रिवाज आहे. उत्तमचे गुण पुष्कळ होते, लिहितोही. पण हा लेख ज्या एका वाक्यापाशी मला घेऊन जाणार आहे ते वाक्य त्याचं नाही, माझं आहे.

उत्तम राठोड आणि मी एकोणीस वर्षं एकाच गाडीवर होतो. तो स्टेअरिंगवर, मी तिकिटं फाडायला. डेपोत ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसा तोही मला मास्तर म्हणायचा, आणि निवृत्त झाल्यावरही त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही. गाडीत काही बिघडणार असलं की उत्तमला ते आधी नाकाला कळायचं. क्लच तापला, वायर पोळायला लागली, की चालत्या गाडीत मान वर करून हुंगायचा आणि मेकॅनिकनं सांगायच्या आधी दुखणं सांगून मोकळा व्हायचा. पोहरादेवीच्या यात्रेच्या जादा गाड्यांवर आमची दोघांची नेमणूक ठरलेली असे. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, यात्रेतली निम्मी माणसं त्याच्या ओळखीची, त्यामुळे टपावरच्या भांडणांपासून खिडकीतून पोरं आत टाकणाऱ्या बायांपर्यंत सगळं त्याच्या एका आवाजात सरळ व्हायचं. मी चिडका माणूस. सुट्ट्या पैशांवरून माझं रोज कुणाशी तरी वाजायचं, आणि उत्तम आरशातून बघून हसत असायचा.

त्याच्या केबिनमध्ये सीटखाली एक पत्र्याचा डबा असे. त्यात मटणाच्या काळपट, वाळलेल्या पट्ट्या. पहिल्यांदा त्यानं मला दिली तेव्हा मला वाटलं चामडंच चावतोय. मग हळूहळू तोंडात मीठ उतरलं, हळद उतरली, आणि त्यामागून धूर. त्याची आई, तो तिला याडी म्हणायचा, यात्रेहून आलेल्या मटणाच्या वाट्यातलं थोडं बाजूला काढायची, लांब पट्ट्या कापून मीठहळद चोळायची आणि चुलीच्या वर तारेला टांगायची. रोजचा स्वयंपाक खाली चालू, वर मटण धूर पीत राहायचं. आठ-दहा दिवसांनी ते डब्यात जायचं. फ्रिज नसलेल्या घरातली ती साधी सोय होती, पण उत्तमसाठी तो आईच्या हाताचा वास होता. याडी गेली. मग चूल गेली, स्लॅबचं घर झालं, गॅस आला. आणि वहिनींनी एका नवसानंतर मांसाहार सोडला.

त्यामुळे घराचा एक नियम झाला. मटण-कोंबडी जे काही करायचं ते घरामागच्या सुट्या खोलीत, वेगळ्या भांड्यात, उत्तमनं स्वतः. खाऊन झालं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय देवघर असलेल्या घरात पाऊल टाकायचं नाही. आमच्या भागात अशी घरं कितीतरी आहेत, यात भांडण काही नसतं. उत्तम हसून म्हणायचा, गाडी धुतल्याबिगर डेपोत घेत नाहीत, तसं हाय. त्या दिवशी तो मागच्या खोलीतच जेवायचा, तिथंच खाटेवर एक झोप काढायचा आणि मग बंब पेटवून आंघोळ करायचा. खोली म्हणजे विटांच्या चार भिंती, वर टिन, एक दार. खिडकी नाही. टिन आणि भिंतीमधल्या फटीतून उंदीर येतात म्हणून उत्तमनं त्या फटी स्वतः सिमेंटनं लिंपून घेतल्या होत्या.

निवृत्तीनंतर त्याला मोबाइलचा नाद लागला. एक दिवस माझ्याकडे धावत आला आणि व्हिडिओ दाखवला. कुठल्या परदेशातला एक माणूस, त्याच्यापुढे तीन पायांची गोल शेगडी, वर घुमटासारखं झाकण. कोळसा एका अंगाला, मटण दुसऱ्या अंगाला, झाकण लावून तो माणूस चार-पाच तास नुसता बसून. उत्तम म्हणाला, "मास्तर, हे त याडीचीच चूल हाय. फकस्त गोल केली ह्याईनं." दिवाळीत मुलगी सुनिता बाळंतपणाला येणार होती, जावई येणार होता. जावयाला याडीच्या पद्धतीचं मटण खाऊ घालायचं त्यानं मनात घेतलं. पेन्शन आमची दोघांचीही यथातथाच. म्हणून खरेदीची जबाबदारी त्यानं माझ्यावर टाकली. पैसा वाचवण्यात मास्तरचा हात कोणी धरू शकत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

महिनाभर आम्ही दोघं त्या शेगड्या बघत होतो. चांगल्या कंपनीची होती तिचं पोलाद जाड, झाकण घट्ट बसणारं, वर एक झरोका आणि खाली दुसरा, दोन्ही उघडबंद होणारे. किंमत बघून उत्तमनं मोबाइल उलटा ठेवला. मग आम्ही मालेगावात रहीमभाई वेल्डरकडे गेलो. जुन्या ड्रमची शेगडी बनवून द्यायला तो तयार झाला, पण खालचा झरोका उघडबंद करायला सरकती पट्टी बसवायचीच म्हणून अडून बसला आणि त्यासाठी दिवसही जास्त मागू लागला. मी म्हटलं, पट्टी कशाला, खाली भोकं पाड म्हणजे झालं. तेव्हा तो हातातला दांडा खाली ठेवून म्हणाला, "वरून बी बंद, खालून बी बंद, तवा इस्तो मरते भाऊ. एक बी भोक उघडं राह्यलं त झाकणाखाली तो जित्ताच राह्यते." मी हसलो. निखाऱ्याला काय मारायचं, जळून जळून त्याची आपोआप राख होते, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. मोबाइलवर त्याच गोल आकाराची एक अगदी स्वस्तातली मिळत होती. पातळ पत्रा, काळा रंग, खाली नुसती भोकं. उत्तमचं मन रहीमभाईकडे ओढत होतं. मीच त्याला पटवलं, झाकण ते झाकण, आणि ऑर्डरचं बटण मीच दाबलं.

शेगडी आली ती लंगडी. तीनपैकी एक पाय आखूड होता, त्याखाली उत्तमनं फरशीचा तुकडा सारला. रंग तर नखानं निघत होता. पहिल्या वेळी मटण करपलं, दुसऱ्या वेळी कच्चं राहिलं. पण तो मागे हटणारा नव्हता. बाभळीचा कोळसा एका बाजूला रचायचा, मधे पाण्याचं भगुनं ठेवायचं, वरून आंब्याच्या ढलप्या टाकायच्या, हे सगळं तो चुका करत शिकला. घाटात गाडी चढवावी तशा सबुरीनं तो त्या शेगडीपाशी अंगणात, मागच्या खोलीच्या दारासमोर बसलेला असायचा. चौथ्या खेपेला त्यानं एक पट्टी माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः तोंडात टाकली. मग डोळे पुसत म्हणाला, धूर गेला डोळ्यात. त्याला इतकं सुखी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते सुख आपण स्वस्तात मिळवून दिलं म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

तो दिवस परतीच्या पावसाचा होता. सकाळपासून ऊन होतं, म्हणून त्यानं अंगणात शेगडी लावली होती. एक वाजता त्याचा फोन आला. म्हणाला, "मास्तर, आभाळ भरून आलं. शेगडी बाहेर राहू देऊ का आत घेऊ?"

"आत घे," मी म्हटलं. "पत्रा पातळ हाय, एका पाण्यात गंजन."

"इस्तो हाय अजून तिच्यात."

"झाकण हाय ना? मंग काय होते."

"तुह्या वाट्याचं काढून ठेवलं हाय. उद्या ये," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर ओसरीवर आणून ठेवलं होतं. चेहरा लालसर, टवटवीत दिसत होता. बाया म्हणत होत्या, काय तेज आहे बघा, पुण्यवान माणूस, ना दुखणं ना खुपणं. बीपीची गोळी तो घेत होता, तेव्हा हार्टच असणार हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. डॉक्टरला बोलवायचं, तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी मागच्या खोलीत गेलो. खाटेच्या पायथ्याशी शेगडी उभी होती, आखूड पायाखाली फरशीचा तुकडा सारलेला. मी झाकणाला हात लावला. चार तासांनंतरही ते चांगलं गरम होतं. वासावरून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस, आणि त्याला नेलं ते निखाऱ्यांतून सुटणाऱ्या बिनवासाच्या विषारी हवेनं... हात मागे घेतला त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं. तरी मी बाहेर आलो आणि लोकांसोबत म्हणालो, हो, हार्टच असेल. तिरडी बांधू लागलो, खांदा दिला, दहाव्याला गेलो, तेराव्याला गेलो. भित्रा माणूस आहे मी. घरच्यांना का दुखवायचं असं स्वतःला समजावत राहिलो, पण खरं तर माझं नाव त्यात येऊ नये एवढंच मला हवं होतं.

दिवाळी झाल्यावर सुनिता बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी बाळाला बघायला गेलो. थंडी पडायला लागली होती. अंगणात वहिनी कोळसे फुलवत बसल्या होत्या आणि समोर ती काळी शेगडी, पाय काढून नुसती परात केलेली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आमच्याकडची जुनी रीत. दार-खिडकी लावून घेतात, आईच्या पाठीला शेक मिळतो, बाळाला ऊब मिळते. वहिनी म्हणाल्या, बाळाच्या आजोबांची वस्तू, कामाला आली. झाकण आहे म्हणून बाळाला धूरही लागणार नाही.

मी तिथंच मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. रहीमभाईची पट्टी, मी दाबलेलं बटण, एक वाजताचा फोन, गरम झाकण. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, फुललेल्या कोळशांकडे बघत होतो. सांगून झाल्यावर वाटलं, आता ही बाई मला शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हेही कबूल करतो.

त्यांनी आधी बादलीभर पाणी कोळशांवर ओतलं. वाफ विरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, जेवण झाल्यावर ते मागच्या दारात येऊन उभे होते. म्हणे, कमले, थंडी वाजून राह्यली, आज घरातच पडू का? म्या म्हटलं, आंघोळ करा अन् या. ते गेले गुमान." त्या पुढे बोलल्या, "मंग पाह्यलं त पाणी त्याईच्या खाटेवर येऊन राह्यलं होतं. भिजतीन म्हून दार म्याच वढून घेतलं. बाहेरून कडी बी लावली... वाऱ्यानं उघडू नये म्हून."

मी माझं ओझं उतरवायला बसलो होतो. ते उतरलं तर नाहीच, उलट त्यांच्याही डोक्यावर गेलं. तोवर त्या नवऱ्याचं मरण हार्टचं समजून कसंबसं सोसत होत्या. मी गप्प राहिलो असतो तर ती कडी त्यांना आयुष्यभर साधी कडीच वाटली असती. पण गप्प राहिलो असतो तर त्या रात्री ते बाळ... आत सुनिता जागी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिचं रडणं ऐकू यायला लागलं, तशा वहिनी उठल्या. उंबऱ्यापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमाले लिहिता येते ना? मंग लिहा. माही कडी बी लिहा. तांड्यावर घरोघरी बाजेखाली शेगडी हाय." हा लेख मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिला आहे, आणि छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. एकही ओळ त्यांनी काढू दिली नाही.

परवा पुन्हा किन्हीराजाला गेलो होतो. मागच्या खोलीचं दार वहिनींनी बिजागऱ्यांसकट काढून टाकलं आहे आणि आत, उत्तमची खाट होती तिथं, दोरी बांधून त्या बाळाची दुपटी वाळत घालतात. दारासमोरच्या शेगडीचा चार महिन्यांचा धूर त्या टिनात मुरलेला आहे, तो दुपट्यांना लागतो. मटणाच्या वासानं पूर्वी ज्यांना मळमळायचं, त्या वहिनी ते दुपटं तसंच काढतात, नाकाशी धरतात आणि बाळाला गुंडाळतात.