ह्या नावाचं इथं कोणी नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला याद्या करायची सवय आहे. बाजाराची यादी, औषधांची, लग्नात कुणाला बोलवायचं राहिलं त्यांची. झालेल्या कामापुढे मी खूण करते आणि पान उलटते. ही गोष्ट मात्र कुठल्याच यादीत लिहिली नाही. लिहिली असती तर तिच्यापुढे खूण कसली केली असती?

गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. त्याला सगळे बाळू म्हणतात. क्युरपिप गावातली आमची गल्ली, देवळातले लोक, बसचा कंडक्टर — सगळे. सरकारी कागदावर मात्र तो लुचमन सोनाजी. लक्ष्मणचं लुचमन नोंदणीच्या कारकुनाने केलं आणि आजोबांचं नाव आडनावाच्या जागी घातलं. माझ्या वेळी दुसरा कारकून होता, त्याने दुसरंच काही लिहिलं. त्यामुळे कागदावर आम्ही दोघं भाऊबहीण वाटतच नाही. आमच्या बेटावर हे घरोघरी असतं — एक नाव घरातलं, एक कागदावरचं. कुणी गेलं की रेडिओवर दोन्ही नावं सांगावी लागतात, नाहीतर सख्खी मावशीसुद्धा मयताला यायची नाही.

बाळू भारतात जाऊन विमान चालवायला शिकला. तीन वर्षं. आई-वडील आधीच गेले होते, घरात मी एकटी. ती तीन वर्षं मी एका माणसाचा भात शिजवला. एका माणसाचा भात नीट होत नाही — तुम्ही कधी शिजवला आहे का? तळाला लागतो, नाहीतर उरतो.

तो परत आला तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. हातात परवाना होता, पण इथे विमानं मोजकी आणि त्यांना वैमानिक पुरेसे. मग कुणीतरी राजधानीतल्या, पोर्ट लुईमधल्या एका एजंटाचं नाव सांगितलं. परदेशातल्या विमान कंपन्यांना माणसं मिळवून देणारा. मिस्यु रोबेर — मिस्यु म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्याची खोली. आम्ही दोघं बसने गेलो. बाळूच्या मांडीवर उड्डाणाच्या तासांची वही, माझ्या मांडीवर माझी वही.

मिस्यु रोबेर चांगला माणूस होता. सगळं स्पष्ट सांगायचा आणि मी लिहून घ्यायची. डॉक्टरचा दाखला ताजा हवा. फोटो चार. गेल्या काही महिन्यांतले उड्डाणाचे तास वेगळे दाखवायचे, कारण जुने तास असले तरी हात बसलेला आहे की नाही हे त्यांना बघायचं असतं. आणि कामाच्या वेळेत लागेल असा टेलिफोन नंबर द्यायचा. कंपनीची तार आली की तो एकदाच फोन करणार. माणूस मिळाला नाही तर यादीतलं पुढचं नाव.

आमच्या घरी फोन नव्हता. माझ्या ऑफिसचा नंबर दिला. फॉर्म मीच भरला, माझं अक्षर चांगलं म्हणून. लुचमन सोनाजी — मी स्वतःच्या हाताने लिहिलं. तीनदा लिहिलं, तीन प्रती होत्या.

तुम्हाला कळलंच असेल मी कुठे चालले आहे. तरी मला सरळ तिथे जाता येत नाही.

पावसाळी सकाळ होती. क्युरपिपला बहुतेक सकाळी तशाच असतात. माझ्या शेजारच्या टेबलावर मारी-क्लेर बसायची, नवीन लागलेली मुलगी, ती कागद द्यायला खाली गेली होती. फोन वाजला. पलीकडे मिस्यु रोबेरची टायपिस्ट. तिने विचारलं, मिस्यु लुचमन सोनाजींसाठी आलेला निरोप घेईल असं कोणी आहे का? आखातातल्या एका लहान कंपनीत सहवैमानिकाची जागा आहे, संध्याकाळपर्यंत होकार हवा.

मी म्हणाले, "पेना सा दिमून-ला इसी."

क्रेओलमध्ये, इथल्या रोजच्या बोलीत म्हणाले. म्हणजे — ह्या नावाचं इथं कोणी नाही. तिने पुन्हा नाव उच्चारलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. मीही पुन्हा तेच म्हणाले. तेवढ्याच सावकाश. तिने आभार मानले.

भीतीने तोंडातून निघून गेलं असं म्हणता आलं असतं — एकदाच म्हणाले असते तर. दोनदा म्हणाले. मधे विचार करायला वेळ होता. त्या वेळात मला आमचं स्वयंपाकघर दिसलं आणि एक ताट दिसलं. हे कारण म्हणून सांगत नाही. दिसलं ते सांगते.

दोन आठवड्यांनी बाळू चौकशीला पोर्ट लुईला गेला. परत आला तो दारातच, बूट न काढता उभा राहिला.

"ताय, तुझ्या ऑफिसात मला कोणी ओळखत नाही ग."

"का? काय झालं?"

"त्यांनी फोन केला होता. कुणी बाई म्हणाली, असा माणूसच नाही. जागा गेली दुसऱ्याला."

मी चुलीकडे तोंड करून म्हणाले, "मारी-क्लेर असेल. नवीन आहे."

तो वाकून बूट काढत म्हणाला, "तिला रागावू नको हां. तिला बिचारीला काय माहीत? तू दिवसभर बाळू बाळू करतेस, लुचमन कोण ते तिला कसं कळणार? मलाच कुणी लुचमन म्हणून हाक मारली तर मी वळून बघत नाही." आणि हसला. खरंच हसला. त्या हसण्यावर मी त्याला सांगू शकले असते. मी त्याला जेवायला वाढलं.

दुसरी जागा आली नाही. उड्डाण नाही म्हणून ताजे तास नाहीत, आणि ताजे तास नाहीत म्हणून उड्डाण नाही. मिस्यु रोबेरने पुढे दोन-तीनदा खटपट केली, मग तोही थांबला. बाळू मोंतान्य ब्लांश गावच्या शाळेत गणित शिकवायला लागला. चांगलं शिकवतो म्हणतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी तो प्रत्येक पोराला कागदावरचं नाव पाठ करायला लावतो आणि घरी जाऊन ते सगळ्यांना सांगायला लावतो. का, ते हसवत हसवत सांगतो — एक बाई, एक फोन, एक विमान. लग्नात, बारशात, पंगतीतही सांगतो. "विचारा आमच्या तायला," म्हणतो, आणि मी मान हलवते. आठ-नऊ वर्षं मी मान हलवते आहे.

गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. नोंदणीच्या कचेरीत तो स्वतः गेला, कारकुनाजवळ उभा राहून एकेक अक्षर बघून घेतलं. घरातलं आणि कागदावरचं एकच नाव ठेवायचं, म्हणाला. हिला कुणी विसरायला नको.

बारसं आमच्याच घरी झालं. नाव बाळाच्या कानात आत्याने सांगायचं असतं. आत्या मी एकटीच. मी पाळण्यावर वाकले आणि ते नाव तिच्या कानात सांगितलं — स्पष्ट, हळू, चारदा. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. सगळ्या हसत होत्या, बाळूही. धपाटे थांबले तरी मी वाकूनच राहिले.