शेगडी

डोंगरावरच्या निरीक्षकाला जगात दोनच गोष्टींचा आदर होता. एक स्थिर हवा आणि दुसरा तो स्वतः.

मोठी दुर्बीण उभारायला ते शिखर चांगलं आहे का, हे पाहायला त्याला वर धाडलं होतं. रोज रात्री छोट्या दुर्बिणीत एक तारा धरायचा, तो किती थरथरतो ते मोजायचं, वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. हवा शांत असली की तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. इथे तीन वर्षं तो कढईतल्या लाहीसारखा उडत होता. त्याला शिखराची कीव यायची, पाहुण्या शास्त्रज्ञांची त्याहून जास्त. दुर्बिणीच्या चौथऱ्यावर कुणी तोंड उघडलं की तो म्हणे, "मिटा ते. तुमच्या वाफेनं तारा हलतो. अक्कल खाली ठेवून आलात, तसा श्वासही ठेवून यायचा."

साहेबांचा निरोप आला, सोमवारी हे शिखर यादीतून कटाप. ब्याद गेली, असं तो म्हणाला. पण ऐन उमेदीची तीन वर्षं एका नालायक डोंगरावर घालवली, हे काही त्याला पचेना.

त्याच आठवड्यात कोळसा संपला. चार रात्री त्यानं कुडकुडत काढल्या. चारही रात्री तारा टाचणीच्या टोकाएवढा. यंत्र बिघडलं म्हणून त्यानं त्याचा स्क्रू न् स्क्रू तपासला, बनवणाऱ्याचा उद्धार केला. पाचव्या दिवशी हमालानं कोळसा आणला. खोलीतली शेगडी पेटली आणि तारा पुन्हा उडू लागला.

तो बाहेर येऊन बघत राहिला. खोलीच्या धुराड्यावरून येणारा वारा सरळ चौथऱ्यावर जात होता. तीन वर्षं त्यानं स्वतःची शेगडी मोजली होती.

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यानं बायकोला फोन करून सगळं सांगितलं.

"जन्मभर सगळ्यांना गाढव म्हणत आलात," ती म्हणाली. "आता?"

"एक मोजायचं राहिलं होतं."

मग त्यानं साहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, वाऱ्याच्या तोंडावर शेगडी ठेवणारा शहाणा कोण?

"वहीत पानोपानी सही आहे त्याची."

शिखर यादीत राहिलं. मोजणी पहिल्यापासून होणार होती, पण माणूस दुसरा येणार होता. उतरताना त्यानं शेगडी हमालाच्या पाठीवर बांधली. हमाल म्हणाला, नव्या साहेबांना थंडी वाजेल.

"वाजू दे," तो म्हणाला. "तो तरी शहाणा निघेल याची काय खात्री?"