दिलशादनं लिहिलेलं उत्तर

कुपवाडच्या एका कारखान्यात दिलशाद बोल्टचे आटे तपासायची. डाव्या हातात बोल्ट, उजव्या हातात आटे मापायचं गेज. सरळ फिरला तर चांगला, अडला तर बाजूच्या पेटीत. सकाळी सात ते साडेतीन हेच. मग खणभागातल्या घरी येऊन अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं. नवरा अजमल टेम्पोवर असायचा. पाचगणीची स्ट्रॉबेरी घेऊन निघाला की दोन-दोन दिवस त्याचं तोंड दिसायचं नाही. दिलशादचं वय चव्वेचाळीस, पण बसमध्ये लोक तिला उठून जागा द्यायला लागले होते आणि तीही मुकाट्यानं बसायची.

असल्या धबडग्यात ती अकरा वर्षं अंध विद्यार्थ्यांची लेखनिक होती. विद्यार्थी तोंडानं उत्तर सांगणार, ते हिनं उत्तरपत्रिकेत उतरवायचं. पहिल्यांदा गल्लीतल्या एका मुलीचा लेखनिक ऐनवेळी आला नाही म्हणून ही गेली, आणि गेली ती अडकलीच. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी लागतं. दिलशाद बारावी झालेली, त्यामुळं बी.ए.च्या पेपरांना ती बरोबर चालायची. "पुढं का शिकली न्हाईस?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी बी.ए. झाले तर ह्या पोरींचं पेपर कोण लिवणार?" हे उत्तर लोकांना फार आवडायचं. दोन-चार वर्षांनी तिलाही ते खरं वाटायला लागलं.

स्वानंदी तिच्याकडं आली ती शेवटच्या वर्षाला. विश्रामबागेतली मुलगी, जन्मापासून दिसत नव्हतं, विषय तत्त्वज्ञान. ग्रीकांच्या विश्वविचारावरच्या नोट्स कुणाच्या तरी हातच्या होत्या. झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेली. फोनमधल्या वाचणाऱ्या आवाजाला त्यातलं ओ की ठो कळेना. म्हणून दर रविवारी दिलशाद जायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. स्वानंदीची आई अंजना मध्ये चहा आणून ठेवायची.

पहिला आला थेलीस. सगळं पाण्यापासून झालंय आणि पृथ्वी पाण्यावर तरंगतेय, असं त्याचं म्हणणं.

"हे खणभागात कशाला सांगाय पायजे?" दिलशाद म्हणाली. "एकोणीस सालच्या म्हापुरात आमचं कपाट तरंगत होतं की."

स्वानंदी खळखळून हसली. "मावशी, हे पेपरात लिहूया का?"

"तू सांग, मी लिवते. मी काय, सांगकामी."

पुढच्या रविवारी अनॅक्झिमँडर आला. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. पाणी नाही, हवा नाही, ज्याला हद्द नाही अशा कशापासून तरी सगळं निघालं. आणि पृथ्वी? ती कशावर टेकलेली नाही. तिला कुणी धरलेलं नाही. ती मधोमध आहे, सगळ्या बाजूंपासून सारखी लांब, त्यामुळं या बाजूला पडावं की त्या बाजूला, याला काही कारणच नाही. म्हणून ती आहे तिथं राहते.

दिलशादनं ते वाचलं आणि ती थांबली. मग कुणी न सांगता तिनं ते पुन्हा वाचलं.

"का हो मावशी?"

"काय न्हाई. आपण कायम कुणाला तरी धरून बसल्याली मानसं. तो म्हनतोय, न धरताबी ऱ्हातं."

त्या रात्री सासूला वळवताना दिलशादची कंबर नेहमीसारखीच धरली. पण मनात कुठंतरी ती पृथ्वी अधांतरी थांबून होती.

परीक्षा एप्रिलात आली. लेखनिक घेणाऱ्यांना वेगळी खोली असते. दोन बाकं, वर कुरकुरणारा पंखा, दाराशी पेंगुळलेले पर्यवेक्षक. दिलशादनं प्रश्न वाचला, "अनॅक्झिमँडरचा विश्वविचार स्पष्ट करा." आणि तिला आतून बरं वाटलं. हे तर पोरीला येणारच.

स्वानंदीनं सांगायला सुरुवात केली. "अनॅक्झिमँडरच्या मते विश्वाचं मूलद्रव्य हवा आहे. हवा विरळ झाली की अग्नी होतो, दाट होत गेली की वारा, ढग, पाणी आणि माती..."

दिलशादचा पेन थांबला. हे त्याच्यानंतरच्या अनॅक्झिमिनीजचं होतं. नावं सारखी, घोटाळा व्हायचाच. स्वानंदी थांबून राहिली. "लिहिलं?" तिनं विचारलं.

एक खाकरणं पुरलं असतं. प्रश्न पुन्हा वाचते म्हणून त्या नावावर जरा जोर दिला असता तरी पोरीनं ओळखलं असतं. पर्यवेक्षकांचं लक्षही नव्हतं. पण कॉलेजच्या व्हरांड्यात दिलशादनं एकदा ऐकलं होतं, "यांचं काय, लिहिणाराच पास करतो." त्या दिवशी अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून तिनं कुणाची वेलांटीसुद्धा आपल्या मनानं बदलली नव्हती.

"लिवलं," ती म्हणाली, आणि हवा लिहिली. विरळ हवा, दाट हवा, दीड पान, स्वच्छ अक्षरात. अधांतरी पृथ्वी कागदावर आलीच नाही. एवढी वर्षं लिहून हात दुखला होता, पण लिहिताना जीव दुखला तो त्या दिवशी.

बाहेर आल्यावर स्वानंदीनं तिचा दंड धरला. जिन्यापाशी थांबून म्हणाली, "मावशी, तुमचा हात मध्येच थांबला होता. मी नावं उलटी केली ना?"

"व्हय."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"व्हय."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"पेपर तुझा हाय, पोरी. मी सांगितलं आसतं तर माझा झाला आसता."

स्वानंदीनं दंड सोडला. भिंत चाचपत ती एकटीच जिना उतरली. खाली अंजना उभी होती. तिनं मुलीकडं पाहिलं, मग वर दिलशादकडं, आणि काही न विचारता मुलीला घेऊन गेली. पुढच्या पेपरांना दिलशादला कुणी बोलावलं नाही. कॉलेजनं दुसरी लेखनिक दिली, असं तिच्या कानावर आलं.

खरं सांगायचं तर तिला आधी हायसंच वाटलं. वर्षभरानं ती रविवारी दुपारी झोपली. उठली तेव्हा मात्र तोंड कडू होतं. कारखान्यात बोल्टमागून बोल्ट फिरवताना ती स्वतःशीच वाद घालायची. आपण बरोबर होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बरोबर असून इतकं जड का वाटावं, ते कळत नव्हतं.

निकाल लागल्यावर एका रविवारी मायलेकी खणभागात आल्या. सासूला आत भरवून दिलशाद हात पुसत बाहेर आली. स्वानंदी खुर्चीच्या कडेला अवघडून बसली होती.

"पास झाले मावशी. ग्रीकांच्या पेपरात काठावर. शेवटच्या पेपरात मात्र जवळजवळ पैकीच्या पैकी."

"मग ग्वाड बातमी की!"

"नाही ना. त्या नव्या ताईंनी पेपर झाल्यावर मला हसत सांगितलं, दोन ठिकाणी चुकली होतीस, मी नीट करून टाकलं. आता त्यातले माझे गुण कुठले, ते मला कळत नाही. काठावरचे मात्र सगळे माझे आहेत." ती दिलशादच्या आवाजाकडं वळली. "मी तुमच्याशी वाईट वागले."

दिलशादनं तिचा हात हातात घेतला. अंजना डोळे टिपत खिडकीबाहेर बघत राहिली.

मग स्वानंदी म्हणाली, "मी एम.ए.ला जातेय. आणि मावशी, मी चौकशी केलीय. तुम्ही आता बी.ए.चा फॉर्म भरलात तरी माझ्यापेक्षा एक पायरी खालीच राहाल. माझे पेपरही लिहाल. नियम आड येत नाही."

दिलशाद हसली, पण हसू लगेच विरलं. "नियमाचं न्हाई गं ते. लोकांस्नी सांगायला बरं पडत होतं. खरं म्हंजे मी दमले. लय वर्सांची दमले. मला डिग्री नको, मला झोप पायजे." हे ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली होती, आणि बोलल्यावर जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

"मग आज वाचायचं नाही," स्वानंदी म्हणाली. "आज मी सांगते. एम्पिडोक्लीज म्हणून एक होता. माती, पाणी, वारा, आग, ही चार मुळं त्यानं मानली. ती कधी मरत नाहीत, नुसती एकत्र येतात आणि सुटी होतात. प्रेम त्यांना जवळ आणतं, आणि वैर..."

"हळू," अंजना म्हणाली. "मावशी झोपल्या."

स्वानंदीनं आवाज खाली आणला आणि सांगत राहिली. आतून म्हातारीनं हाक मारली. अंजना उठली, दिलशादला ओलांडून आत गेली, आणि कुशीवर कसं वळवायचं ते म्हातारीलाच विचारू लागली.