कुंकू लागलेला अर्ज

गेल्या रविवारी गडमुडशिंगीला गेले होते... सासरी. गाडीच्या डिकीत घटस्फोटाचे कागद आणि पिशवीत सासूबाईंना आवडते म्हणून खारी. मलाच माझं हसू येत होतं.

आमच्यात भांडण वगैरे काही नाही. संदीप वारणानगरला नोकरीला, मी कोल्हापुरात एका लॅबमध्ये. नऊ वर्षांच्या संसारात हळूहळू बोलणंच संपत गेलं... आणि दीड वर्षापूर्वी वेगळे राहायला लागल्यावर दोघांनाही बरं वाटलं. मग ठरवलं, राजीखुशीने मोकळं व्हायचं.

वकील करायचा नाही हा हट्ट माझा. दोघांचं सगळ्यावर एकमत आहे, तर आपलं म्हणणं आपणच लिहू की! कोर्टात चौकशी केली, तिथल्या मॅडमनी शांतपणे यादी सांगितली. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, पत्त्याचे पुरावे, लग्नातला फोटो आणि लग्नपत्रिका.

लॅबमध्ये काम केल्यामुळे मला लेबल लावायची सवय. तीन संच, तीन रंगांच्या फायली, प्रत्येक पानाला नंबर... संदीप म्हणाला, लग्नाची तयारीसुद्धा एवढी नीट झाली नव्हती.

अर्जाचा पहिला मसुदा त्याने लिहिला होता. कारणाच्या परिच्छेदात साहेबांनी लिहिलेलं, ‘वैशाली स्वभावाने अतिशय चांगली असून स्वयंपाकही उत्तम करते.’ अरे, हे वाचून कोर्ट आपल्याला घरी नाही का पाठवणार? ते वाक्य मी खोडलं... पण खोडण्याआधी दोनदा वाचलं, हे कबूल करते.

सगळं जमलं. अडलं ते लग्नपत्रिकेवर.

पत्रिका एकच उरलेली, ती आत्यांच्या ट्रंकेत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. संदीपने दोनदा मागितली, दोन्ही वेळा उत्तर एकच... “सापडंना.” ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या साडीची घडी अंधारात सापडते, तिला पत्रिका सापडत नव्हती.

खरं सांगायचं तर मला पत्रिकेपेक्षा आत्यांची काळजी होती. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. मला कावीळ झाली तेव्हा दीड महिना आत्यांनी पथ्याचं करून घातलं होतं. आणि घटस्फोटाचं कळल्यापासून चार महिने त्या माझा फोन उचलत नव्हत्या. नवरा सुटणार हे मी पचवलं होतं, आत्या सुटतील हे पचत नव्हतं.

तर रविवारी मी पोचले. संदीप आधीच आला होता. आत्यांनी चहा आणून ठेवला, खारीची पिशवी घेतली आणि तशाच आत निघून गेल्या.

आम्ही कॉटवर कागद पसरून शेवटचं तपासत बसलो. आधार कार्डांच्या झेरॉक्स राहिल्या होत्या, म्हणून दोघंही चौकातल्या दुकानात गेलो. फाइल कॉटवरच राहिली.

परत आलो तर कॉटवर फाइल नाही! वाटलं, गेली चुलीत...

फाइल देव्हाऱ्यापुढे होती. अर्जाच्या पहिल्या पानाला चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकू लावलेलं, वर दोन अक्षता. ओल्या बोटाने लावलेलं, त्यामुळे कुंकू पार ‘अर्जदार क्रमांक एक’पर्यंत ओघळलेलं.

संदीप ओरडलाच, “आई, काय केलंस हे! कोर्टाचा कागद हाय त्यो!”

“मग?” आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. “कामाचा कागद देवाला दाखवल्याबिगर घराभाईर जातोय व्हय आपल्यात?”

मी फाइल उचलली, तर खाली पत्रिका... माझ्या लग्नाची. तिच्याही चारी कोपऱ्यांवर हळदीकुंकू, नऊ वर्षांनी फिकट झालेलं. तेही आत्यांच्याच बोटाचं.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “आत्या, ह्या कागदाला कुंकू लावतात होय?”

“त्यावेळी देवाला म्हणलंवतं, दोघांचं चांगलं कर,” आत्या म्हणाल्या. “आजबी त्येच म्हणलं. दुसरं काय मागू?” आणि लगेच आवाज चढवून, “रडतीस काय वैशे! भाकऱ्या टाकल्यात, जेवून जायाचं!”

मी रडत रडतच जेवले. झणझणीत आमटी होती, त्यामुळे रडण्याला कारण मिळालं. निघताना त्यांनी डब्यात चटणी भरून दिली आणि बजावलं, डबा परत आणून द्यायचा. म्हणजे मला परत यायचं आहे... हे माझ्या लक्षात यायला अर्धा रस्ता लागला.

ते पान अर्थातच पुन्हा प्रिंट करावं लागलं. मंगळवारी अर्ज दाखल झाला. आता सहा महिने थांबायचं, मग पुढची तारीख. कोर्टातून बाहेर पडल्यावर संदीपने विचारलं, “आईकडं कधी जाणार हाईस?” म्हटलं, डबा द्यायचाय, रविवारी जाईन.

लग्नाची पत्रिका आता कोर्टाच्या फायलीत आहे. आणि घटस्फोटाच्या अर्जाचं ते कुंकू ओघळलेलं पान माझ्या कपाटात... त्यावर लेबल लावलेलं नाही. आत्यांचं बोट ओळखू येतं.