मिरची न सोसणारा वंश

नव्वदच्या सुमाराला जळगाव-धुळे एसटीत शेजारी बसलेला घाऱ्या डोळ्यांचा शेतकरी छातीठोकपणे म्हणाला, "आमना पूर्वज डच व्हता, भाऊ. सुरतनी वखारमाईन कापूस लेवाले उना, आठेच राही गया."

त्या पूर्वजाचीच माहिती जुन्या कागदपत्रांतून काढायला तो धुळ्याला निघाला होता.

"पुरावा काय?" मी विचारलं.

"पितरना पानवर भरीत ठेवं, कावळा शिवना नही. पाव ठेवा, लगेच शिवना!" त्यानं डबा उघडून भरिताचा घास घेतला. डोळ्यांतून धारा लागल्या. "दखा! खान्देशी माणूस मिरचीले रडस का?"

मी जन्माचा जळगावकर. त्याला खोटं पाडायला मीही मोठा घास घेतला आणि डोळे पुसू लागलो.

तो जवळ सरकला. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "भाऊ, तुमनं मूळ गाव कोनतं?"