मुद्देमालापुढे दिवा

ती घटना आठवली की आजही आधी हसू येते आणि मग मान खाली जाते.

शहापूर-मुरबाड पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. खर्डीच्या बाजूच्या एका गावात बोहाडा भरायला आठ दिवस उरले होते. बोहाड्यात देवांचे मुखवटे चढवून संबळावर नाचतात. त्यातला नरसिंहाचा लाकडी मुखवटा देवळातून चोरीला गेला.

कोणता मुखवटा कोणत्या घराने नाचवायचा हे पिढ्यांपासून ठरलेले. नरसिंहाचा मान ज्यांच्या घराकडे होता, ते सत्तरीचे गृहस्थ गावात 'भाऊ' म्हणून ओळखले जात. त्यांचे गुडघे गेले होते आणि मुलगे कल्याणला स्थायिक झाले होते. म्हणून पंचांनी त्या वर्षी हा मान डोंगरावरच्या ठाकूरवाडीतल्या एका गड्याला दिला. वाडीला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. मुखवटा सापडला नाही तर तो शेवटचाही ठरणार, हे सगळ्यांना कळत होते.

खबर भाऊंनीच आणली. पांढरी टोपी, मऊ बोलणे, बिनसाखरेचा चहा.

"मी कोनाचं नाव घेनार नाय, साहेब. पन ज्यांच्या हातात कधी देव दिला नव्हता, त्यांच्या हातात दिला का असंच व्हतं."

मला तेवढे पुरे होते. गुन्हेगार कसा ओळखावा याची एक वही मी नोकरीभर ठेवली होती. वाडीवरचा गडी तिच्यात चपखल बसत होता: चटकन तापतो, डोळ्याला डोळा देत नाही, मोहाची दारू घेतो, कामाचा ठिकाणा नाही. शिवाय त्याचे नाव ठाण्याच्या सराईतांच्या यादीत होते. तरुणपणी वीटभट्टीवरच्या मुकादमाने याच्या बायकोला शिवी दिली, म्हणून याने त्याला धोपटले होते. तेव्हापासून आसपास कोंबडी हरवली तरी पहिला निरोप याला जाई.

मी त्याला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवले. स्टेशन डायरीत त्याची नोंद केली नाही.

"कुठे ठेवलास?"

"नाय नेला, सायेब."

"माझ्याकडे बघून बोल!"

"बघितला तर म्हनता माजलास. नाय बघितला तर म्हनता चोर. मंग बघू कुठं? पंख्याकडं?"

हवालदाराला हसू फुटले. त्या हसण्याचा राग मी गड्याच्या गालावर काढला. हे मी आजवर कुठेही लिहिले नव्हते.

थोड्या वेळाने तो गाल चोळत म्हणाला, "सायेब, दोन सांजा झाल्या. देवाला दिवा लागला असंल का?"

"कसला दिवा?"

"बोहाडा जवळ आला का मुखवट्याला रोज सांजेला दिवा दावतात. चुकला तर गावाचा वाईट व्हतो. ज्यानं नेला तो गावचाच. त्याला पन दावावाच लागंल." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितले. "तुमी मानूस नका शोधू. दिवा शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावात घरोघर दिवा शोधायला निघालो. भाऊंची गुरे विकून तीन वर्षे झाली होती, तरी रिकाम्या गोठ्याच्या कोनाड्यात ताजी काजळी होती आणि खाली चाफ्याचे टवटवीत फूल. मागच्या धान्याच्या कणगीत नवीन धोतरात गुंडाळलेला नरसिंह निघाला. पंचनाम्याला बसलेले पंच आधी पाया पडले, मग त्यांनी सह्या केल्या.

"चोरला नाय, साहेब," भाऊ रडत म्हणाले. "बोहाडा झाल्यावर ठेवनारच व्हतो. दुसऱ्याच्या डोक्यावर बघवला नसता."

कोर्टाचा आदेश येईपर्यंत देव मुद्देमालाच्या खोलीत राहिला. गड्याला मी सोडले, पण तो सांजेला परत दारात हजर. "सायेब, तेल हाय का?" दोन दिवस जप्त सायकली आणि दारूच्या कॅनच्या मधोमध दिवा लागत होता. हवालदार भाबडेपणाने मला विचारत होता, "साहेब, हजेरी आधी घ्यायची का आरती?"

बोहाडा झाला. शेवटच्या सकाळी गडी असा नाचला की संबळवाला दमला. मागून त्याच्या सोंगाचा पदर सावरत लंगडत भाऊ चालत होते. गड्यानेच त्यांना बोलावले होते. पुढे कोर्टाच्या परवानगीने गावाची आणि भाऊंची तडजोड झाली.

मी मात्र कागदावर लिहिले, 'गुप्त बातमीदाराकडून खबर मिळाली.' प्रशस्तिपत्र मला मिळाले. गड्याचे नाव सराईतांच्या यादीतच राहिले.

माझी वही मी नंतर पुष्कळदा वाचली. मी ज्याला स्वभाव म्हणून लिहीत होतो, त्यातले निम्मे आम्हीच घडवले होते. ज्याला कोंबडीसाठीही ठाण्यात आणतात, तो नजर देणार कशी? भट्टी बंद झाली की त्याच्या कामाला ठिकाणा कुठला? आणि मान गेल्याचे दुःख, मनातला मत्सर, गोड जीभ यांसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. भाऊसुद्धा वाईट माणूस नव्हते. आपल्याशिवाय गावाचे भागते, हे त्यांना सोसले नाही इतकेच.

यंदा हा लेख घेऊन मी वाडीवर गेलो. गडी आता आजोबा झाला आहे. अंगणात नातवंडांच्या गराड्यात त्याने सगळा ऐकला. थपडेचे वाक्य मी दोनदा वाचले.

"चांगला लिवलाय," तो म्हणाला. "पन माजा नाव कुठं हाय?"

"लेखात नावं छापत नाहीत."

तो मोठ्याने हसला. "वा रे वा! चोराच्या यादीत नाव लिवलात, आन चांगला केला तर नाव नाय?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या ठाण्यात गेलो आणि खरी हकीकत सहीनिशी लेखी दिली. त्यात त्याचे नाव बापाच्या नावासकट, पूर्ण आहे. यादीतून ते काढण्याची विनंतीही आहे. शिक्का मारलेली पोच त्याला नेऊन दिली.

ती त्याने काचेत बसवून भिंतीवर लावली आहे. सांजेला देवाला दिवा दाखवून झाला की तिलाही दाखवतो, असे त्याची सून हसत सांगत होती.