रिकामी बॅग

रोहिणीबद्दल लिहावं एवढी माझी तिच्याशी ओळख नव्हती. आणि ओळख आहे असं मी एकदा स्टॅम्पपेपरवर, शपथेवर लिहून दिलेलं आहे. तेच अजून खटकतं. समोरासमोर दारं असूनही तिच्या घरात मी चार-पाच वेळाच गेलो असेन. तिला भाऊ किती, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला लिहायची सवय नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, तिथे लिहिलं ते सगळं मालाच्या आवक-जावकेचं. तरी लिहितो, कारण तोंडाने सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

जेल रोडला आमची तीन मजली इमारत. समोरच्या घरातला रवी कतारला एसी दुरुस्तीच्या कामाला होता. तो परत आला तो बायको घेऊनच. बायको श्रीलंकेची, तिकडे कतारमध्येच एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. नाव रोहिणी.

वरच्या मजल्यावरच्या सिंधुबाईंना पहिली शंका आली ती नावाची. "रोहिणी? हे इथं आल्यावर ठेवलेलं असणार. खरं काहीतरी वेगळंच असेल."

"अगं, पासपोर्टवर तेच आहे," चिमाजी, त्यांचे यजमान, म्हणाले.

"तुम्ही बघायला गेला होतात पासपोर्ट?"

चिमाजींनी पेपर वर धरला. मी हसलो. पण नंतर रोहिणी जिन्यात भेटली की मला वाटायचं, खरंच, हिचं नाव हेच असेल का?

पौर्णिमेला ती विहारात आली आणि आमच्याबरोबर त्रिसरण म्हणाली. शब्द तेच, चाल वेगळी. आमचं संपलं तरी तिची शेवटची ओळ चालूच होती. बायका वळून बघायला लागल्या. त्या दिवसापासून तिला 'आपली' म्हणायला लागले सगळे, पण म्हणायच्या आधी जरा थांबून.

तेजल झाली, शाळेत जायला लागली. रोहिणीचा व्हिसा मात्र पुन्हा पुन्हा वाढवून आणावा लागायचा. एकदा जिन्यात कागदांची पिशवी घेऊन बसली होती. मला म्हणाली, "काका, रवी इथला, तेजल इथली. मीच एकटी व्हिसावर. उद्या रवीला काही झालं तर मला इथे कोण राहू देणार?" "बघू," म्हणालो. मी काय बघणार होतो कोण जाणे.

सात वर्षं भरल्यावर तिने भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला. त्याला दोन भारतीयांची प्रतिज्ञापत्रं लागतात. रवी माझ्याकडे आला. "काका, तुम्ही नोकरीत होतात, तुमच्या सहीला वजन आहे." माझ्या सहीला वजन आहे असं आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. गेलो त्याच्याबरोबर कोर्टाजवळ. 'अर्जदारास मी सात वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे.' नोटरीने विचारलं, "वाचलंत ना?" मी हो म्हणालो. परतताना बसमध्ये आठवायला लागलो, लग्नाआधी हिचं आडनाव काय होतं? कधी विचारलंच नव्हतं.

सही केली आणि मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. सांगायला लाज वाटते. गॅलरीत ती तिच्या भाषेत फोनवर बोलायची, मध्येच हसायची. मला वाटे, काय बोलली असेल? पोस्टमन आला की मी उगाच दार उघडायचो.

चार महिन्यांनी ती म्हणाली, "काका, तीन आठवडे लंकेला जाऊन येते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

"अर्ज चालू असताना?"

"विचारलंय कचेरीत. जाऊ शकता म्हणाले. फक्त चौकशीला पोलीस कधी येतील ते सांगता येत नाही. मी नसताना आले तर तुम्ही आहातच."

निघायच्या दिवशी मी तिच्या बॅगा खाली न्यायला मदत केली. एक जड होती. दुसरी मोठी लाल, ती मात्र दोन बोटांवर उचलली गेली. आत काहीच नव्हतं. तेजललाही ती घेऊन चालली होती.

रिक्षा गेल्यावर सिंधुबाई म्हणाल्या, "एवढी मोठी बॅग रिकामी कशाला नेली असेल हो? तिकडून सोनंबिनं आणतात म्हणे. तुम्हाला काय सांगून गेली?"

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन."

"आणि मला म्हणाली घर आवरायला चाललेय. बघा आता! दोघांना दोन कारणं. आणि पोरीलाही नेलं. सही तुमची आहे ना, काका?"

त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही.

दोन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, पोलीस आला. रवी कामावर, दाराला कुलूप. त्याने माझी बेल वाजवली. तरुण होता, चांगलं बोलत होता.

"बाबा, समोरच्या बाई कुठे गेल्यात?"

"माहेरी."

"माहेर कुठलं?"

"श्रीलंका."

तो हसला. "लांबचं माहेर आहे. कधी येणार?"

"तीन आठवड्यांचं सांगून गेल्यात."

तिच्याबद्दल त्याने विचारलं ते एवढंच. मी इथे थांबायला हवं होतं. पण त्याने फाइल उलटून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" ती आलीच नाही तर उद्या मलाच धरतील, असं वाटलं. मी म्हणालो, "मुलीलाही नेलंय. सामानही पुष्कळ होतं. परत येतीलच असं मी काही सांगू शकत नाही, साहेब."

सामान पुष्कळ नव्हतं. एक बॅग रिकामी होती, मी स्वतः उचलली होती. तो लिहीत राहिला.

सांगितलेल्या दिवशीच रोहिणी परत आली. लाल बॅग आता एवढी जड की रवी आणि मी मिळून ती वर नेत होतो, तर पहिल्या मजल्यावर चेन तुटली. शाळेचे दाखले, नारळ खवायची खवणी, एक पोचे आलेला डबा, फ्रेममधला लहानपणीचा फोटो, सगळं पायऱ्यांवर आलं. ती खाली बसून गोळा करायला लागली.

"आईचं ऑपरेशन झालं, तिला भावाकडे नेलं. घर बंद केलं, काका. माझं होतं ते सगळं घेऊन आले. आता तिथे माझं काही राहिलं नाही."

दोन्ही कारणं खरी होती.

स्टोअरच्या गेटवर आमच्याकडे दोन प्रकारचे पास असत. परत यायच्या मालाचा एक, न यायच्या मालाचा दुसरा. ऑइलचे रिकामे ड्रम बाहेर निघाले की मी न विचारता पहिला पास फाडायचो, कारण ते भरून आणायलाच जातात. तीस वर्षं हे केलं. आणि रिकामी बॅग हातात धरूनही मला कळलं नाही.

काही महिन्यांनी अर्ज परत आला. रवी जिन्यात म्हणाला, "चौकशीत खात्री झाली नाही म्हणे. परत येण्याची शेजाऱ्यांना खात्री नाही, असं लिहिलंय."

"शेजारी म्हणजे कोण?" असं मी विचारलं. मीच.

"नाव नाही लिहिलेलं."

रोहिणी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग तेजलच्या चपला सरळ केल्या आणि आत गेली.

तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी सही चिमाजींची घेतली, दुसरी विहारातल्या कोणाची तरी. त्यांच्या घराची चावी पूर्वी माझ्या खिळ्याला असायची, ती आता वर चिमाजींकडे जाऊ लागली. बाकी काही बदललं नाही. 'जय भीम, काका' रोज व्हायचं. पौर्णिमेची खीरही यायची, फक्त तेजलच्या हातून. खिरीत साखर कमी लागली तरी मी त्याचा अर्थ काढत बसायचो. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

अडीच वर्षांनी तिला नागरिकत्व मिळालं. पेढे सिंधुबाई घेऊन आल्या. "आमच्या यांच्या सहीने काम झालं बरं का!" मी पेढा घेतला.

मग रवीला मनमाडला काम मिळालं आणि त्यांनी घर सोडलं. टेम्पो भरला, रवी आणि तेजल पुढे जाऊन बसले. रोहिणीने कुलूप लावलं, वर जाऊन आली आणि माझ्या दाराशी थांबली.

"चिमाजीकाका घरी नाहीत. चावी तुमच्याकडे ठेवू का?"

"ठेव."

"घरमालक पाचला येतील. ते विचारतील तेवढंच सांगा."

"बरं," मी म्हणालो.